चोळीबांगडीचं रान

बायका सकाळी आठला यायच्या होत्या. साडेनऊ झाले तरी बांधावर एकही डोकं दिसेना, तेव्हा आक्काताईनं ओळखलं, सयाजीनं त्यांना गाठलंय.

वीस गुंठ्यांत भुईमूग होता. पाला पिवळा पडून जमिनीला टेकला होता. म्हणजे खरं तर आठवड्यापूर्वीच उपटायला हवा होता. परतीचा पाऊस रोज दुपारी राधानगरीच्या बाजूनं भरून यायचा, गुरगुरायचा आणि कुणाचं तरी रान भिजवून निघून जायचा. पिकल्या शेंगेवर पाणी बसलं की ती मातीतच कोंब धरते, आणि कोंब आलेल्या शेंगेला बाजारात कुणी हुंगत नाही. आक्काताईची म्हैस, तिच्या लेकीचं, दीप्तीचं, गारगोटीच्या होस्टेलात राहून चाललेलं नर्सिंगचं शिक्षण आणि तिचं स्वतःचं पोट, सगळं या वीस गुंठ्यांवर होतं.

तिनं चिमणाबाईला फोन लावला. चिमणाबाई टोळीची म्होरकी. तिनं यायचं म्हटलं की सहा बायका येणार, नाही म्हटलं की एकही नाही.

"आगं, माझ्या कंबरंत चमक भरलीया," चिमणाबाई म्हणाली. मागं ट्रॅक्टर धडधडत होता.

"कंबरंत चमक हाय तर ट्रॉलीत कशी बसलीयास?"

चिमणाबाई आवाज बारीक करून बोलली, "हे बघ आक्का, राग धरू नगंस. सयाजी म्हनला, आक्काच्या रानात गेलीसा तर औंदा माझ्या उसाचं वाडं न्ह्यायला येऊ नका. आमची जनावरं काय आमी हवेवर जगवावी?"

आक्काताईनं फोन ओच्यात खोचला आणि वाकली. वय एकावन्न. दोन्ही हातांनी वेल मुळाशी धरायचा, हिसका द्यायचा, माती झाडायची, उलटा करून मागं ठेवायचा. वरची माती ऊन खाऊन घट्ट झाली होती. दर चौथ्या हिसक्याला शेंगा खालीच तुटून राहायच्या आणि त्या बोटांनी उकरून काढाव्या लागायच्या. दुपारपर्यंत उजव्या हाताची दोन नखं मुळापासून दुखायला लागली आणि तिच्या सात ओळी झाल्या. एकूण ओळी मोजायचं धाडस तिला झालं नाही.

सयाजी तिचा धाकटा भाऊ. गावचा उपसरपंच. कळंब्याच्या पुढं गारगोटी रस्त्याला लागून त्यांचं साडेचार एकर रान. चार वर्षांमागं बाप गेला, जोतीराम. जायच्या आधी दोन वर्षं तो तालुक्याला जाऊन मृत्युपत्र करून आला होता. दोनच पानं होती. सगळं रान सयाजीला. बायको धोंडुबाईचा सांभाळ सयाजीनं करायचा. आणि खाली एक ओळ: 'माझी मुलगी आक्काताई हिस चोळीबांगडीसाठी रस्त्याकडील वीस गुंठे दिले आहेत.' लिहिणाऱ्यानं विचारलंही असेल, चोळीबांगडीसाठी म्हणजे कसं? जोतीरामानं सांगितलं असेल, आमच्यात असंच म्हणतात. आणि खरंच आमच्यात असंच म्हणतात. लेकीला रान द्यायचं म्हटलं की बापाच्या तोंडून 'वाटा' हा शब्द निघत नाही. वाटा लेकाचा. लेकीला चोळीबांगडी.

बापाच्या मागं वर्षानं आक्काताईचा नवरा गेला. मलकापुराकडं त्याचं स्वतःचं असं काही नव्हतं, म्हणून ती लेकीला घेऊन इथं आली आणि या तुकड्यात पत्र्याचं शेड मारून राहिली. रस्ता तेव्हा अरुंद होता आणि सयाजीही बरा होता. मग रस्ता चौपदरी झाला. चौपदरी रस्त्याकडेला वीस गुंठे म्हणजे काय, हे सयाजीला दोन पाव्हण्यांनी समजावून सांगितलं. तिथं लग्नाचा लॉन होणार. पुढं कमान, मागं जेवणाचा मांडव, बाजूला दोनशे गाड्या. तेव्हापासून त्याचं बहिणीकडं बघणं बदललं.

तीनच्या सुमाराला कोतवाल सायकल बांधाला टेकवून आला. हातात कागद.

"सही करा, आक्काताई. तलाठी सायबांची नोटीस हाय."

"कसली?"

"मला काय ठावं? मी फकस्त आनून देतो." त्यानं शेंगांचा एक वेल उचलला, चार शेंगा तोडून तोंडात टाकल्या आणि निघून गेला.

तिनं मातीचे हात पदराला पुसून कागद वाचला. सातवी शिकलेली होती ती. जोतीरामाच्या मृत्युपत्राप्रमाणे सातबाऱ्यावर नोंद करायची आहे, हरकत असेल तर येत्या गुरुवारी सर्कल ऑफिसरपुढं हजर राहा, असं वर छापील होतं. मागं सयाजीच्या अर्जाची झेरॉक्स जोडली होती. अक्षर त्याचंच, ग्रामपंचायतीचे ठराव लिहून लिहून वळणदार झालेलं. त्यात लिहिलं होतं: 'सदर आक्काताई ही विधवा झाली असल्याने तिला चोळीबांगडीची गरज उरलेली नाही. सबब वीस गुंठेही अर्जदाराच्या नावे करावेत.'

तिनं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला समजलंच नाही. दुसऱ्यांदा समजलं तेव्हा ती तिथंच उपटलेल्या वेलांवर बसली. नवरा गेला त्या दिवशी मलकापुरात चार बायकांनी तिचे हात धरून दगडावर बांगड्या फोडल्या होत्या, तेव्हाही तिला इतकं उघडं वाटलं नव्हतं. त्या परक्या बायका होत्या. हे अक्षर भावाचं होतं, त्याला बोट धरून तिनंच गिरवायला शिकवलेलं.

म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून ती तशीच माहेरच्या दारात गेली. सयाजी सोप्यात खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता. धोंडुबाई भिंतीला पाय पसरून शेंगा फोडत होती. बहात्तर वर्षांची, पण बोटं अजून चटाचट चालायची. सयाजीची बायको आतून वाकून बघून गेली, ती परत बाहेर आली नाही. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

आक्काताईनं कागद त्याच्यापुढं धरला. "ह्ये तू लिवलंस?"

"व्हय."

"बांगड्याची गरज न्हाय म्हंजे काय रं?"

सयाजीनं मोबाइल मांडीवर उपडा ठेवला. "आक्का, हितं भावना आनू नगंस. कागद म्हंजे कागद. आप्पांनी काय लिवलंय? चोळीबांगडीसाठी. दाजी हुतं तवर बांगडी हुती. दाजी गेलं, बांगडी गेली. ज्या कामाला रान दिलं त्ये कामच उरलं न्हाय. इच्यार कुनाला बी."

"आन् मी खाऊ काय?"

"लॉन झाला की तिथं भांडी घासायला बायका लागतीलच की. बाहेरच्या बायका घ्यायच्या त्याऐवजी तू."

आक्काताईनं कागद त्याच्या आणखी जवळ धरला. "ठराव कुनी मांडला हुता रं गावात? इधवा बाईच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत म्हनून? तूच न्हवं? मला ष्टेजवर न्हेलंस. सरपंचबाईच्या हातनं हिरव्या बांगड्या भरल्यास माझ्या हातात. फोटू काढलास. पेपरात छापून आनलास, खाली तुझं नाव."

"त्ये समाजकार्य हुतं," सयाजी म्हणाला. "ह्यो व्यवहार हाय."

हे तो अगदी सरळ बोलला. तिनं आईकडं बघितलं. त्या दिवशी फोटो काढून घरी आल्यावर या आईनंच 'पुरे झालं नाटक, काढ त्या' म्हटलं होतं आणि तिनं निमूट काढून ठेवल्या होत्या.

"आये, तू तरी सांग की ह्येला."

धोंडुबाईनं टरफलं सुपात सारली. "मी काय सांगू? सही कर आन् मोकळी हो. दिवाळीला दोन लुगडी दील त्यो. एवढ्या एवढ्या तुकड्यासाठनं भावाच्या पोराबाळांच्या तोंडातला घास काढनार हायस व्हय?"

"एवढा एवढा तुकडा हाय तर तुमाला कशाला पायजे?"

"त्वांड चालवू नगंस."

बोलणं तिथंच संपलं. आक्काताई वळली तेव्हा धोंडुबाईनं मागून हाक मारली, "जाताना ती बादली न्हे. उष्टं-खरकटं हाय, म्हशीला हुईल." आक्काताईला ती बादली तिथंच लाथाडावीशी वाटली. पण सरकी संपत आली होती. तिनं बादली उचलली आणि सगळ्या गल्लीतून भावाच्या घरचं उष्टं घेऊन ती चालत गेली. दारादारांतून लोक बघत होते. गावाला कळायला एवढं पुरतं.

बादली शेडात ठेवून ती भाऊसो कांबळ्यांकडं गेली. भाऊसो बत्तीस वर्षं कोल्हापूरच्या कोर्टात कारकून होता. रिटायर होऊन गावी आला, तेव्हापासून अर्ज लिहायचा झाला की गाव बौद्धवाड्यातल्या त्याच्या दारात. एरवी त्याच्या दारात चहा न पिणारेही अर्जापुरते येत, आणि हे भाऊसोला पक्कं ठाऊक असल्यामुळं तो कुणाशीच गोड बोलत नसे.

त्यानं नोटीस आणि अर्ज दोन्ही वाचले. अर्जाच्या त्या ओळीवर आल्यावर चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"उपसरपंच झालं, पर अक्कल न्हाय आली," तो म्हणाला. "ह्यो अर्ज त्यानं कुनाला दाखवला न्हाय वाटतं. आक्काताई, यक सांग. हे साडेचार एकर जोतीरामानं इकत घेतलेलं का आज्जाचं?"

"आज्जाचं. पणजाचं बी आसंल."

"मग जोतीरामाला समदं रान लिवून द्यायचा अधिकारच न्हवता. वडिलार्जितात बाप त्याच्या सोताच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करतो. बाकीच्यात लेक जसा जल्मापास्नं धनी, तशी लेक बी. कायदा बदलून ईस वर्सं झाली."

आक्काताई घाबरली. "म्हंजे आप्पांचा कागद खोटा? मग माझं वीस गुंठं बी गेलं?"

"आगं बाई!" भाऊसो ओरडलाच. "वीस गुंठं धरून काय बसलीयास? एकराच्या वर हिस्सा येतो तुझा. पर नीट ऐक. कागद धरायचा आसंल तर वीस गुंठं, आन् त्या बांगडीवर सयाजीशी भांडत बस. कागद सोडायचा आसंल तर समद्यात नाव. दोन डगरींवर हात ठेवाया जाशील तर मधी पडशील."

"हातातलं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागू मी? मला माझं वीस गुंठं ऱ्हायलं तर बास हाय. भावाचं मला कवाच नको हुतं."

"भावाचं कोन म्हनतंय? तुझंच म्हनतोय मी."

"आन् माहेर?"

"त्यो कायद्याचा प्रश्न न्हाय," भाऊसो म्हणाला. "त्याला ष्टॅम्प बी लागत न्हाय. त्ये तुझं तू बघ." त्यानं कोऱ्या कागदावर दोन अर्ज लिहून दिले. एक वीस गुंठ्यांपुरता, एक सगळ्या रानाचा. "गुरुवारी ह्यातला यकच द्यायचा. दुसरा फाडायचा. आन् चहा घेऊन जा."

तिनं चहा घेतला. परत येताना दोन्ही कागद पोलक्यात होते आणि मनात पहिलाच द्यायचा असं तिचं ठरलं होतं.

मंगळवारी सकाळी ती रानात आली तर तीन माणसं टेप धरून उभी. पांढरी फक्की ओढून कमानीची जागा आखत होती. फक्कीची रेघ तिच्या उभ्या भुईमुगातून गेली होती आणि माणसं वाळत घातलेल्या वेलांवरून बूट घालून फिरत होती. पायाखाली शेंगा कडकड फुटत होत्या.

"पावणं, बाजूला व्हा की! शेंगा हायत्या त्या."

"सयाजीरावांनी सांगितलंय," एकजण म्हणाला आणि टेप ओढत राहिला.

ती त्यांच्या पुढ्यात जाऊन वाकली आणि फक्कीच्या रेघेवरचेच वेल उपटू लागली. रेघ मातीत मिसळत गेली. माणसं थोडा वेळ बघत राहिली, मग चहाला गेली ती आलीच नाहीत. आक्काताईची कंबर आता सरळ होत नव्हती. एक ओळ बसून, एक ओळ गुडघ्यावर, असं करत ती सरकत होती. दुपारच्या भाकरीला सुद्धा ती उठली नाही, कारण एकदा उठलं की परत वाकता येणार नाही याची तिला भीती होती.

अडीचला आभाळ भरलं. या खेपेला नुसतं गुरगुरणं नव्हतं. वारा सुटला, धूळ उठली आणि ओढ्यापलीकडची नारळीची झाडं झिंज्या सोडल्यासारखी हलायला लागली. तीन दिवसांत उपटलेले सगळे वेल तिनं धावत धावत एका जागी ओढले आणि शेडातून ताडपत्री काढली. ताडपत्री मोठी, बापाच्या काळातली जड. एक टोक दगडाखाली घातलं की वारा दुसरं उचलायचा. दुसरं धरलं की पहिलं सुटायचं.

तेवढ्यात बांधावर छत्री दिसली. धोंडुबाई होती.

"आये! त्ये टोक धर! पलीकडचं!"

धोंडुबाई छत्री धरून पुढं आली आणि ढिगाऱ्यापासून चार हातांवर थांबली. "आक्का, मी सांगाय आलीया. गुरुवारी सर्कलफुडं नाटकं करू नगंस. गप सही कर. लोक सयाजीला नावं ठेवाय लागल्यात."

"टोक धर आदूगर! शेंगा भिजत्यात!"

"त्वा माझ्या बोलन्याला व्हय म्हन, मग धरती."

पहिले टपोरे थेंब ताडपत्रीवर वाजले. वाऱ्यानं ती मधूनच फुगली, आक्काताईच्या हातातून निसटली आणि चिखलात लोळत बांधाला जाऊन अडकली. अर्धा ढीग उघडा पडला. पाऊस असा कोसळला की समोरची आई पांढरी दिसायला लागली. आक्काताई पडलेल्या ताडपत्रीवर पोटावर पडली, ती ओढत आणली, अर्ध्या ढिगावर घातली आणि टोकावर स्वतः बसून राहिली. तिच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. धोंडुबाईनं एक हात छत्रीच्या दांड्याला आणि एक हात पदराला धरला होता. तिनं टोक धरलं नाही. थोड्या वेळानं 'बघ बाई, तुझं तू' असं म्हणून ती पावसातूनच माघारी गेली.

आईनं ते टोक धरलं असतं तर आक्काताईनं सहीसुद्धा केली असती, इतकी ती थकली होती. हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं. पाऊस थांबल्यावर तिनं पोलक्यातले दोन कागद काढले. ओले झाले होते, पण शाई उतरली नव्हती. वीस गुंठ्यांचा कागद तिनं फाडला आणि तुकडे चिखलात टाकून वर पाय दिला. दुसरा चुलीजवळ वाळत घातला. मग भिजलेले वेल एकेक उचलून ती झाडू लागली.

गुरुवारी सर्कल ऑफिसात गर्दी होती. बाकावर, दारात, जिन्यावर माणसं. सयाजी कडक इस्त्रीच्या शर्टात होता. त्यानं आईला जीपनं आणलं होतं, नवीन लुगडं नेसवून. सर्कलसाहेब पन्नाशीचा, घशाला सर्दी झालेला माणूस. त्यानं फाइल उघडली आणि सयाजीचा अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला. त्या ओळीवर आला आणि थांबला.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय सायेब. सोताच्या हातानं."

"'चोळीबांगडीची गरज उरलेली नाही.'" साहेबानं पुन्हा वाचलं. बाकावरचे दोघंतिघं हसले. सयाजीला ते आपल्याच बाजूनं हसले असं वाटलं आणि तोही थोडा हसला.

"बाई, तुमची हरकत आहे? वीस गुंठ्यांबद्दल काय म्हणणं?"

आक्काताई पुढं झाली. कंबर अजून वाकडीच होती. "मला त्ये वीस गुंठं नकोत, सायेब."

सयाजीनं सुस्कारा सोडला. "बघा! आक्का शानी हाय माझी."

"चोळीबांगडीचं नकोच मला," ती म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवला. "रान आज्जाचं हाय. साडेचार एकरात माझं नाव लावा. भावाच्या शेजारी."

सयाजी ताडकन उठला. "कुनी शिकवलं हे? त्या कांबळ्यानं न्हवं? बापाच्या सहीवर थुकतीस व्हय गं? ह्याच्या फुडं माहेर तुटलं तुझं, ध्यानात ठेव! मेली तरी दारात येऊ द्याचा न्हाय!"

"तुटू दे."

"लेकीचं लगीन कोन करतंय बघतोच!"

"ओरडू नका," साहेब म्हणाला. "हे ऑफिस आहे. मृत्युपत्रावर वाद आहे, रान वडिलार्जित आहे असं बाईंचं म्हणणं. वाद असल्यावर मला मृत्युपत्राची नोंद मंजूर करता येत नाही. मी वारसांची नावं लावणार. हिस्सा कुणाचा किती, ते दिवाणी कोर्टात जाऊन ठरवा." त्यानं रुमालात नाक शिंकरलं. "वारस तीन. मुलगा, मुलगी आणि पत्नी. आजी, तुमचं काय म्हणणं?"

"तिचं काय नसतं," सयाजी घाईनं म्हणाला. "आई माझ्याकडंच हाय. लिवा, तिला काय बी नको."

"त्यांना बोलू द्या."

धोंडुबाई खुर्चीच्या टोकावर बसली होती. घरून निघताना तिला एवढंच शिकवलं होतं: 'मला काही नको, लेकाच्या नावावर करा.' पण ती म्हणाली, "सायेब, त्यो सयाजीचा अर्ज परत यकदा वाचा."

साहेबानं वाचला. विधवा झाली असल्याने. गरज उरलेली नाही.

"आन् मालकांच्या कागदात माझं काय लिवलंय?"

साहेबानं पान उलटलं. "'माझी पत्नी धोंडुबाई हिचा सांभाळ सयाजीने करावा.'"

"पत्नी लिवलंय?"

"हो, पत्नी."

"इधवा न्हाय लिवलं?"

"तेव्हा ते जिवंत होते ना, आजी."

धोंडुबाईनं मान हलवली. सावकाश, बाजारात शेंगांचा दर पटला नाही की हलवायची तशी. "मग झालंच की. लेकीचा दादला मेला म्हनून तिची बांगडी सपली. माझा बी मेला. मग माझं पत्नीपन बी सपलं. उद्या ह्यो हितं यील आन् असाच सोताच्या हातानं लिवंल, कागदात पत्नीला सांभाळा म्हनलंय, ही तर इधवा हाय, सबब गरज उरलेली न्हाय."

आता बाकावरचं कुणी हसलं नाही.

"आये!" सयाजीचा आवाज फाटला. "मी तुला असं म्हनीन व्हय?"

"भनीला म्हनलास की. ती काय रस्त्यावर घावली हुती?" ती साहेबाकडं वळली. "माझं बी नाव लावा, सायेब. माझा वाटा वायला काढा."

कारकुनानं जबाब लिहिला. शाईचं पॅड पुढं आलं आणि धोंडुबाईनं अंगठा उठवला. सयाजी टेबलाची कड धरून उभा होता. वीस गुंठ्यांसाठी तो सकाळी घरातून निघाला होता आणि साडेचार एकरांवर तीन नावं झाली होती. अर्ज त्याच्याच अक्षरात होता, त्यामुळं शिव्या कुणाला द्यायच्या हेही त्याला कळेना.

आई उठताना अडखळली तशी आक्काताई पुढं झाली आणि तिनं आईचं कोपर धरलं.

धोंडुबाईनं हात झटकला. "हात लावू नगंस मला. तुज्यासाठनं न्हाय बोलली मी. घर फोडलंस त्वा."

"आये, त्यानं..."

"त्यानं फोडलं, त्वा फोडलं. मला काय, मी दोगांस्नी बी वळखून हाय." शाईचा अंगठा तिनं नव्या लुगड्याला पुसला. जिन्यावरनं तिघं खाली आले, एकमेकांपासून चार चार पायऱ्या राखून. खाली सयाजीनं जीपचं दार उघडलं. काही झालं तरी आईला घरी नेणं भाग होतं, रस्त्यावर सगळा गाव बघत होता.

"आये," तो गाडीत बसता बसता मऊ आवाजात म्हणाला, "तुजा वाटा मीच करीन की गं. कसायला मानूस लागतंयच की न्हाय?"

आक्काताईही थांबली होती. तिच्या ओठांवर आलेलंही तेच होतं, फक्त सयाजी आधी बोलला. धोंडुबाईनं लुगड्याचा घोळ सावरून पाय आत घेतले आणि दोघांकडं एकदा बघितलं.

"माझा वाटा मी चिमणाबाईला वाट्यानं लावनार हाय," ती म्हणाली. "ती परकी हाय. हिशेबात चुकली तर तिला मी बोलू शकती. चल, हाक गाडी."